रिकाम्या खाचेतलं गाणं

मी नांदेडला पॅथॉलॉजी लॅब चालवतो. हे आधीच सांगतो, कारण ‘वाटतंय’ या शब्दावर माझं काम चालत नाही. पेशंटला मलेरिया वाटतो, डॉक्टरला टायफॉइड वाटतो... मी स्लाइड बघतो आणि जे दिसतं ते लिहितो. या भुताखेतांच्या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर जेवताना वाचायचो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. आता स्वतः लिहायला बसलोय तर हात जड झालाय. यात भूत नाही. असलंच तर ते मला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. माझी सगळी अडचण तीच आहे.

मला जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद आहे. रेकॉर्ड म्हटलं की लोकांना गझला आणि जुनी हिंदी गाणी आठवतात. माझ्याकडे तीही आहेत, पण खरं वेड अल्टरनेटिव्ह रॉकचं. थोडी बेसूर गिटार, घसा खरवडून गाणारा माणूस, कुठेतरी खूप लांबून येणारे ड्रम. नांदेडात असलं ऐकणारे सगळे मिळून एका ऑटोत बसतील. लातूरला असाच एक सापडला, मुजफ्फर. आजोबांपासून त्यांचं मंडप-साउंडचं दुकान. लग्नसराईत दिवसभर डीजेच्या भिंतीसमोर उभा राहणारा हा माणूस घरी येऊन एकटाच उदास इंग्रजी गाणी ऐकतो. मी त्याला मुज्जू म्हणतो, तो मला प्रशांतभाई.

आम्ही दोघांनी इंटरनेटवर एक छोटा रेडिओ सुरू केला. नाव ‘रेडिओ खरखर’. दर रविवारी सकाळी, मुरमुऱ्यांचा सुशिला आणि चहा झाला की आम्ही लागतो. मी नांदेडला माझ्या घरी टर्नटेबलवर रेकॉर्ड लावायची. तो आवाज नेटवरून लातूरला मुज्जूच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर जातो, आणि तिथून पुढे ऐकणाऱ्यांकडे. हे नीट लक्षात ठेवा. माझ्यानंतर आणि लोकांच्या आधी, मध्ये फक्त मुज्जू.

आमची एक सवय होती. शेवटचं गाणं संपलं की सुई लगेच उचलायची नाही. रेकॉर्डच्या आतल्या बाजूला रिकामी खाच असते, तिच्यात सुई नुसती फिरत राहते... खर्र... टक... खर्र... टक. ती थोडा वेळ तशीच हवेत सोडायची. रेडिओचं नाव तिच्यावरूनच पडलं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मला इतवाऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडे एक इंग्रजी एल.पी. मिळाली. बँडचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नाही. कव्हरवर निष्पर्ण झाड आणि त्याच्यामागे पाण्याची टाकी. असली रेकॉर्ड नांदेडच्या भंगारात! मी अक्षरशः पळत घरी आलो. पुसली, धुतली, आणि येत्या रविवारी तिची दुसरी बाजू पूर्ण लावली. शेवटी नेहमीसारखी खरखर. मग बंद.

दुपारी ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर ऋतुजाचा मेसेज. ही इथेच नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करणारी मुलगी, गिटार वाजवते, आमची पक्की श्रोती. “दादा, शेवटचं मराठी गाणं कुणाचं होतं? लई भारी.”

मी लिहिलं, मराठी काही लावलं नाही.

“अहो तेच. खरखरीच्या मागून येत होतं. एक मुलगा, नुसती गिटार, पंख्याचा आवाज... चिमणे दार लाव.”

मी तिला कळवणार होतो की तुझ्या मोबाईलवर दुसरं काहीतरी चालू असेल. तेवढ्यात लातूरच्या डाळ मिलमधले एक साहेब लिहून गेले, “हो, ते चिमणीवालं. कुठे मिळेल?” मग परभणीहून एकाने होकाराचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं.

मी मुज्जूला फोन लावला.

“मुज्जू, शेवटी काय लावलं होतंस?”

“कुठं काय? तुझीच खरखर चालली होती की.”

“लोक म्हणून राहिले, मराठी गाणं लागलं.”

“मराठी? आपल्या रेडिओवर?” तो हसला. “कोणीतरी मजा घेऊन राहिलं तुझी, प्रशांतभाई.”

तो गरजेपेक्षा जरा जास्तच हसला. मी ते मनात टिपून ठेवलं.

माझ्या लॅपटॉपवर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. शेवटचा भाग हेडफोन लावून ऐकला... नुसती खरखर. मुज्जूकडून त्याची फाइल मागवली. तिच्यातही खरखर. पण फाइल त्याने पाठवलेली, म्हणजे बदललेलीही असू शकते. असा विचार मी त्याच्याबद्दल पहिल्यांदाच केला. एकदा केला की मग थांबवता येत नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला न सांगता तीच बाजू पुन्हा लावली. शेवटची खाच आली तसा मोबाईलचा डेटा चालू केला, वाय-फाय बंद केलं आणि सामान्य श्रोत्यासारखा आमचाच रेडिओ कानाला लावला. खर्र... टक. खर्र... टक. बाकी शांतता. मला हायसं वाटलं. आणि ग्रुपवर मेसेज सुरू झाले. “आज परत तेच!” “आज दुसरं कडवं नीट ऐकू आलं.” ऋतुजाने लिहिलं, “दादा, मी गिटारवर कॉर्ड काढले. सोपं आहे, पण मधे एक विचित्र जागा घेतो तो.”

पुण्यातल्या एका पोराने विचारलं, हा जळकोटचा कोणी आहे का? गाण्यात जळकोट येतं.

मला राग आला, खरंच राग. जळकोट! म्हणजे कोणीतरी इथलाच, आपल्यातलाच. पंखा, गिटार, गावठी बोली... लोकांना भुरळ पडेल असा बरोबर माल. आणि असला माल मधल्यामध्ये मिसळायची सोय एकाच माणसाकडे. माझ्या फोनपुरतं ते वगळायचंही त्याला काहीतरी तंत्र सापडलं असेल, असंही मी ठरवून टाकलं. तांत्रिकदृष्ट्या ते कसं शक्य आहे हे मला आजही माहीत नाही. पण संशय आला की माणूस तंत्र विचारत नाही.

तिसऱ्या रविवारी मी टर्नटेबल, रेकॉर्ड, वायरी सगळं गाडीत घातलं आणि पहाटेच लातूरला निघालो. लोहा, अहमदपूर करत पोचलो तेव्हा मुज्जू दुकानाचं शटर वर करत होता.

“अरे! सांगायचं तरी. बिर्याणी टाकली असती.”

“आज इथूनच लावू,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय ते त्याला कळलं. त्याने खुर्ची सरकवून दिली.

दुकानाच्या मागच्या खोलीत, स्पीकरच्या थप्प्यांमध्ये आम्ही बसलो. मी त्याच्या कॉम्प्युटरवरच्या बाकी सगळ्या गोष्टी बंद केल्या. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, मुद्दाम, मला दिसावेत असे. बाजू संपली. खरखर सुरू झाली. आम्ही दोघं एकाच स्पीकरसमोर, भर दिवसाच्या उजेडात. खर्र... टक. दुसरं काही नाही.

आणि ग्रुप पेटला. “लागलं.” “लागलं बघा.” एकाने तर ओळी टाकायला सुरुवात केली...

चिमणे, दार लाव गं, लई वारं सुटलंय,
जळकोटच्या वाटेवर कोण माझं थांबलंय...

मुज्जूने स्क्रीनवरून नजर उचलली. त्याचा चेहरा उतरला होता. “प्रशांतभाई,” तो हळूच म्हणाला, “हे काय आहे?”

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. रेडिओच्या पानावर तोच नंबर आहे. मुज्जूने स्पीकरवर टाकला.

“गाणं कुठून चोरलं तुम्ही?” बाईचा आवाज. चिडलेला, पण कापरा.

“कोण बोलतंय?”

“सुनंदा बोलते, जळकोटहून. शाळेत शिक्षिका आहे मी. ते गाणं माझ्या भावाचं हाय. त्याची टेप माझ्या ट्रंकेत कुलपात हाय. तुम्हाला कोणी दिली?”

मी म्हणालो, “मॅडम, आमच्याकडे टेप नाही. आम्ही इंग्रजी रेकॉर्ड लावली होती.”

“कसली रेकॉर्ड?”

मी कव्हर सांगितलं. झाड, पाण्याची टाकी.

“दुसऱ्या बाजूचं लेबल बघा,” त्या म्हणाल्या. “निळ्या पेनानं चिमणी काढलेली हाय का?”

रेकॉर्ड अजून फिरत होती. मी सुई उचलली, हाताने तबकडी थांबवली. लेबलच्या कडेला बॉलपेनाने काढलेला एक पक्षी होता. ती रेकॉर्ड धुताना मी तो पाहिला होता, कुण्या पोराने गिरगटलंय म्हणून सोडून दिला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. भावाचं नाव विलास. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता, कॅसेटच्या काळात. कुवेतला असलेल्या आतेभावाने त्याला ही एल.पी. आणून दिली. वाजवायला मशीन नाही, तरी हा उराशी धरून फिरायचा. बहिणीला लाडाने चिमणी म्हणायचा. शेवटच्या वर्षाला असताना कावीळ झाली, अंगावर काढली, आणि गेला. हॉस्टेलच्या मित्रांनी ट्रंक घरी आणून दिली. तिच्यात कपडे होते, एक कॅसेट होती. रेकॉर्ड नव्हती.

फोन ठेवल्यावर मला काय वाटलं असेल? मला वाईट वाटायला हवं होतं. मला तर चोर सापडल्यासारखं, सुटल्यासारखं झालं. चिमणीचं ते चित्र मी कधीच कुठे टाकलं नव्हतं. सगळे फोटो तिथेच पुन्हा तपासले, फक्त कव्हर. माझ्याशिवाय ते लेबल पाहिलेला माणूस एकच, समोर बसलेला. मी लातूरला आल्याबरोबर त्यानेच रेकॉर्ड पाकिटातून काढून दिली होती.

“बाई कुठली आहे तुझ्या ओळखीची?” मी विचारलं.

“काय?”

“जळकोट तुझ्या धंद्यातलं गाव. तिथली लग्नं तू करतोस. बाई छान बोलली. गाणं छान आहे. आता सांगून टाक.”

मुज्जू उभा राहिला. मला वाटलं मारतो. पण तो शांतपणे म्हणाला, “तू सगळं चेक केलं ना? माझा कॉम्प्युटर, माझे हात... आता उद्या म्हणशील त्या पोराला कावीळ पण मीच केली. जा तू, प्रशांतभाई. आज जा.”

मी गेलो. अहमदपूरपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो.

दोन-तीन दिवसांनी सुनंदाताईंचाच फोन आला. मुज्जूने माझा नंबर दिला होता. “मी येत्या रविवारी टेप घेऊन लातूरला येते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पण या. मला बघायचंय तुम्ही कोण लोक हाव.” म्हणजे त्यांनाही आमचा संशयच होता. ते मला बरं वाटलं. संशय घेणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

मी एक पक्की परीक्षा ठरवली. ऋतुजाने गाणं फक्त रेडिओवर ऐकलंय, टेप ऐकलेली नाही. तिला गिटारसकट माझ्या गाडीतून आणायचं, दुकानावरच्या मुज्जूच्या घरात भाभींजवळ बसवायचं. खाली आम्ही टेप ऐकायची. मग तिला बोलवायचं. जुळलं तर जुळलं.

सुनंदाताई एसटीने आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, साधी सुती साडी, पर्स छातीशी घट्ट. पर्समधून रुमाल, रुमालातून कॅसेट. मुज्जूने ती दोन्ही हातांनी घेतली. माझ्याकडे त्याने अजून पाहिलं नव्हतं. मुज्जूने जुना डेक काढून साफ करून ठेवला होता.

बटण दाबलं. आधी पंख्याचा आवाज. कोणीतरी खाकरतं. मग गिटार आणि एका पोराचा आवाज... चिमणे, दार लाव गं, लई वारं सुटलंय. ग्रुपवर आलेल्या त्याच ओळी. पहिलं कडवं संपलं, दुसऱ्याची गिटार सुरू झाली, आणि खाड्कन मृदंग, टाळ... सप्ताहाचं कीर्तन.

“आमच्या वडलांनी, आप्पांनी, वरून टेप केलं,” सुनंदाताई म्हणाल्या. “त्यांना काय माहीत. विलास गेल्यावर कळलं आम्हाला. पुढचं काय होतं ते कोणालाच माहीत न्हाई.”

मी ऋतुजाला बोलावलं. ती जिन्यातून आली, स्टुलावर बसली. पहिलं कडवं तिने जसंच्या तसं वाजवलं. ती मधली विचित्र जागासुद्धा, जिथे विलास एक ठोका उशिरा येतो. मी मुज्जूकडे पाहत होतो. मुज्जू सुनंदाताईंकडे पाहत होता. ऋतुजा थांबली नाही, कारण तिच्यासाठी गाणं तिथे संपत नव्हतं. ती पुढे म्हणू लागली...

मास्तरीण झालीस गं, बरं झालं, बरं झालं,
फळ्यावर नाव माझं पुन्यांदा लिहू नको,
पुसताना हात तुझा थरथरतो, चिमणे...

सुनंदाताईंनी तोंडावर पदर धरला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. ऋतुजा घाबरून थांबली. “काही चुकलं का, काकू?”

“न्हाई गं बाई. तू म्हण.”

तिने उरलेलं म्हटलं. ते मी इथे लिहीत नाही, त्यांनी सांगितलंय म्हणून. मोबाईलवर मी सगळं रेकॉर्ड करत होतो. नंतर ऐकलं तेव्हा कळलं, शेवटी माझाच श्वास मोठ्याने येतोय.

मग सुनंदाताई बोलल्या. विलास गेला तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. नोकरी लागली ती कितीतरी वर्षांनी. रुजू झाल्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी फळ्यावर विलासचं नाव लिहिलं होतं. आणि ते पुसवेना. हात नुसता कापत होता. शेवटी तसंच ठेवून निघाल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुसलेलं होतं. “हे मी कोणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला पण न्हाई.”

आता मी लॅबवाला माणूस म्हणून बोलतो. हे त्या म्हणतात म्हणून. फळ्याला साक्षीदार नाही. त्या आणि ऋतुजा आधी भेटल्या असतील? ऋतुजा शपथेवर नाही म्हणते. मुज्जूने दोघींना जमवलं असेल? कशासाठी? यातून कोणालाच काही मिळालं नाही. गाणं कुठे टाकलं नाही, कोणाचं नाव झालं नाही. मी हे सगळं त्याच खोलीत बसून मनात फिरवत होतो, आणि समोर एक बाई तीस वर्षांचं रडत होती. मुज्जूने आतून पाणी आणलं. तांब्या त्यांना दिला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मीही त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळच्या आत जळकोटला पोचायचं म्हणून आम्ही त्यांना लवकर बसस्टँडवर सोडायला गेलो. रेकॉर्ड त्यांना देऊ केली. नको म्हणाल्या. “माझ्याकडं वाजवायला काय हाय? तुमच्याकडंच राहू द्या.” गाडी लागायला वेळ होता. त्या बाकावर बसल्या, मी शेजारी. मुज्जू केळी आणायला गेला होता.

“भाऊ,” त्यांनी विचारलं, “तुम्हाला रेडिओवर एकदा तरी ऐकू आलं का ते?”

“नाही ताई. आम्हा दोघांनाही नाही. नुसती खरखर.”

त्या समोरच्या गाड्यांकडे बघत राहिल्या. “मला पण न्हाई.”

मला कळेना. “पण तुम्ही त्या दिवशी फोन...”

“माझा मुलगा पुण्याला असतो. त्यानं पहिल्यांदा ऐकलं, तोच तुम्हाला विचारत होता जळकोटचा कोण म्हणून. त्या रविवारी मी घरी मोबाईल कानाला लावून बसले होते. दार लावून घेतलं, मिक्सर बंद, टीव्ही बंद. नुसती खरखर. आणि दुसऱ्या फोनवर मुलगा म्हणून राहिला... आई, लागलं, ऐक, ऐक ना, तुझं नाव घेतलं.” त्यांनी पर्सची चेन लावली, परत उघडली. “ज्याला त्याला ऐकवलं. ज्यांनी त्याला बघितलं पण न्हाई, त्या सगळ्यांना. मला तेवढं न्हाई.”

मुज्जू केळी घेऊन आला, ती मी त्यांच्या हातात दिली.

नंतर मी शक्य ते सगळं करून पाहिलं. एल.पी. दुसऱ्या मशीनवर लावली, खाच भिंगाखाली पाहिली, नेटवर्कचं काम करणाऱ्या एका ओळखीच्याला सगळी यंत्रणा दाखवली. त्याला काही सापडलं नाही. त्याने मलाच विचारलं, तुमच्या पार्टनरवर विश्वास आहे ना? मी हो म्हणालो. मुज्जूला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “एक सेकंद थांबून म्हणाला असशील.” थांबलो होतो, खरं आहे.

ऋतुजाने ते गाणं म्हटलं त्या रविवारनंतर रेडिओवर ते कोणालाच ऐकू आलेलं नाही. का लागायचं, का थांबलं, ज्यांना हवं होतं त्यांनाच का वगळलं... माझ्याकडे रिपोर्ट नाही. मुज्जूकडे असेल तर तो देत नाही.

सुनंदाताईंचा मात्र अधूनमधून रविवारी दुपारी फोन येतो. चौकशी, हवापाणी, शाळा. मग जरा थांबून विचारतात, “आज लावली होती का ती रेकॉर्ड?”

“लावली होती, ताई.”

“कोणाला...?”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणतात. “मला पण न्हाई. पुढच्या रविवारी परत लावा.”